अंदाजाची रेघ

अमरावती
११ एप्रिल २०२६, शनिवार

प्रिय वकार,

अस्सलामु अलैकुम. पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलंच असशील. माझ्या अक्षराला तू कोंबडीचे पाय म्हणायचास, ते अजून तसंच आहे. फाडून टाकायच्या आधी एकदा वाच. चार वर्षं बोलला नाहीस तरी मोठी बहीण म्हणून एवढा हक्क माझ्याकडे शिल्लक आहे असं धरून चालले आहे.

मराठीतच लिहितेय. लहानपणी आपण तेल्हाऱ्याच्या मराठी शाळेत जायचो आणि मराठीत चिठ्ठ्या लिहून अम्मी-अब्बांच्या नाकासमोर एकमेकांना द्यायचो, कारण ते दोघं उर्दूवाले. अम्मीला मराठी ऐकून सगळी कळायची, बाजारात तर शेजारच्या चतुराबाईच्या वरताण वऱ्हाडी बोलायची, पण वाचता येत नव्हती. त्या चिठ्ठ्यांमुळे आपण किती मार वाचवला, आठव.

इकडे उन्हाने कहर केलाय. दुपारी कॅम्पातल्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अलीझा आता आठवीत जाईल. मामाचं नाव काढत नाही, पण तू घेऊन दिलेली सायकल तिला लहान झाली तरी कोणाला देऊ देत नाही. तिचे अब्बू अकोल्यात, जुन्या शहरातलं दुकान सांभाळतात आणि शनिवारी इकडे येतात. मी नोकरीपायी इथे. सगळं ठीक आहे म्हणायचं आणि पुढे जायचं, असं चाललंय.

आता नोकरीचं थोडं सांगते. तू कंप्यूटरवाला असलास तरी मीटरवाला नाहीस, म्हणून धीराने वाच.

घरोघर ते नवे वीजमीटर बसले ना, दर मिनिटाला स्वतःच आकडा पाठवणारे, त्यातल्या आपल्या भागातल्या मीटरांचे आकडे आमच्या कंपनीकडे येतात. आकडे राहतात क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी शहरातल्या भाड्याच्या मशिनींवर, ज्या मी कधी पाहिल्या नाहीत आणि पाहणारही नाही. त्या मशिनी चालू ठेवणं, आकडे साफ करणं, त्यांचे आलेख काढून देणं हे माझं काम. बिलाशी आमचा संबंध नाही. कुठल्या गल्लीत, कुठल्या वेळी किती वीज लागेल एवढं सांगायचं. माणसं मात्र या आलेखात दिसतात. पहाटे कोण उठतं, कोणाकडे पाहुणे आले, कोणाकडे लग्न निघालं, सगळं कळतं. चहाड्या करणाऱ्या शेजारणीला ही नोकरी दिली तर पगार मागणार नाही ती.

सुरुवातीला आमच्याकडे एक भानगड झाली. बरेच मीटर मध्येच शून्य पाठवायला लागले. घरात माणसं, पंखे फिरतायत आणि मीटर म्हणतोय शून्य. तेव्हा मी एक नियम लिहिला. एखाद्या घराचा आकडा अचानक पूर्ण शून्यावर आला आणि तिथेच राहिला, तर मीटर बिघडला असं समजायचं आणि ती जागा त्याच घराच्या गेल्या वर्षीच्या आकड्यांनी भरायची. सोमवारच्या जागी सोमवार, जुमेरातच्या जागी जुमेरात. अंदाजाची रेघ. सागर म्हणून माझे साहेब आहेत, पुण्याचे. त्यांनी विचारलं, "पण घर खरंच रिकामं झालं असेल तर?" मी म्हणाले, सर, आमच्याकडे घर असं पुरतं रिकामं होत नाही. सगळे कामाला गेले तरी एक म्हातारं माणूस मागे असतंच. फ्रिज असतो, देवाचा दिवा असतो, निदान एक बल्ब असतो. सागर साहेब हसले आणि नियम लागू झाला. तो नियम त्या दिवशी सगळ्यांना पटला होता, मलाही.

वकार, आता मी आणखी उन्हाच्या आणि अलीझाच्या गोष्टी सांगू शकत नाही.

अम्मी गेली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. जानेवारीत. थंडीत छाती भरून आली, अकोल्याला आणलं, आठवडाभर दवाखान्यात होती. शेवटी शेवटी मला ओळखत होती आणि नव्हतीही. दफन तेल्हाऱ्यात, अब्बांच्या शेजारी. तुला शोधायचे सगळे प्रयत्न केले. जुना नंबर बंद. पुण्याच्या तुझ्या जुन्या ऑफिसात म्हणाले, सोडून गेला. तुझा तो मित्र धम्मदीप, त्यालाही तेव्हा काही माहीत नव्हतं. तू कुठे काही लिहीत नाहीस, फोटो टाकत नाहीस. जनाज्याला माणसं खूप होती, आणि प्रत्येकजण मला विचारत होता, वकार कुठे. मी तुझ्यावर फार चिडले होते. ते आता सांगून टाकते आणि विसरते.

हे मी तुला फोनवर सांगू शकले असते. धम्मदीप आता हैदराबादलाच आहे, तुझ्या ऑफिसात चौकशी करून नंबर आणि पत्ता त्याने मला दिलाय, आणि तुला काही सांगायचं नाही असं मी त्याला बजावलंय. पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास, आणि ही बातमी अर्ध्यावर तुटायची बातमी नाही.

मग मला तू हैदराबादला आहेस हे कळलं कसं, ते ऐक. तिथेच खरी गोष्ट आहे.

चाळिसावा झाल्यावर मी तेल्हाऱ्याचं घर आवरलं. फ्रिज रिकामा केला, मेन स्विच खाली ओढला, समोरच्या दाराला कुलूप घातलं. अमरावतीला आले, कामाला लागले. एके दिवशी तेल्हाऱ्याचे आलेख तपासत होते, आणि आपल्या घराचा नंबर मला पाठ आहे, म्हणून सहज उघडला.

पहाटे मोटर लागली होती. फजरच्या नमाजाआधी, वजूला हातपाय धुवायच्या पाण्यासाठी ती टाकी भरायची तशी. मग स्वयंपाकघर. दुपारी पंखा. दिवस मावळताना, मगरिबला, बल्ब.

खुर्चीवरून उठून मी बाहेर जाऊन उभी राहिले. मग डोकं चाललं. माझाच नियम. घर शून्यावर आलं, नियमाने मीटरला बिघडलेला ठरवलं आणि गेल्या वर्षीची अम्मी उचलून यंदाच्या दिवसांत भरली. काही भूतबीत नाही. मी लिहिलेल्या चार ओळी.

ते बंद करायला मला दोन मिनिटं लागली असती. मी केलं नाही. रोज सकाळी ऑफिसात आले की आधी तो आलेख उघडायचा. अम्मी उठली. अम्मीने मिक्सर लावला, म्हणजे मिरचीची चटणी. अम्मी आज दुपारी झोपली नाही, पंखा बैठकीतलाच चालू आहे. कोणी बघितलं तर काम करतेय असं वाटावं. माझी अक्कल जाग्यावर होती वकार, मला माहीत होतं की ती गेलेली आहे. तरी मी बघत होते.

आणि एक दिवस फार वाईट गेला. मशिनीला चंद्र कळत नाही. यंदाची ईद लवकर आली. त्या दिवशी घर अगदी गप्प होतं, गेल्या वर्षीच्या रोज्यांतल्या शनिवारसारखं. मग ईद होऊन आठवडा उलटला, आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलेलो, आणि एका सोमवारी त्या कुलूपबंद घरात पहाटेपासून स्वयंपाकघर सुरू. मिक्सर पुन्हा पुन्हा. दुपारपर्यंत सगळे पंखे. गेल्या वर्षीची ईद होती ती. अम्मी एकटीच, सगळ्यांची ईद उरकल्यावर, शीरखुर्मा करत होती. त्या दिवशी मी आलेख मिटू शकले नाही.

आता या जुन्या सगळ्या यंत्रणेवरून आम्ही नव्या यंत्रणेवर जातोय. वीस तारखेला जुनी बंद. माझा नियम नव्यात नाही, सागर साहेबांनी काढायला लावला, आणि बरोबरच आहे. बंद करण्याआधी कोण कोण काय बघतं याची नोंद तपासावी लागते, म्हणजे कोणाचं काम अडू नये. तिथे मला दिसलं की आपल्या घराचा आलेख माझ्याशिवाय आणखी कोणीतरी बघतं. रोज, फजरनंतर. हैदराबादहून, एका ऑफिसच्या जोडणीवरून. आणि ग्राहकांच्या ॲपवरचं खातं अम्मीचंच, जे वीजबिलासाठी तू पूर्वी उघडून दिलं होतंस.

तेव्हा मला सगळं समजलं. तू तिला फोन करत नव्हतास. पण मोटर लागलेली बघितल्याशिवाय तुझा दिवस सुरू होत नव्हता.

आणि आमच्या त्या ॲपवर आकडा खरा की अंदाजाचा, ही खूणच दाखवत नाहीत. तुला कळायला मार्गच नव्हता. मी कुलूप घातल्यापासून तू जिला बघत आलास ती माझ्या चार ओळींनी उठवलेली होती. तिकडे तू, इकडे मी, आणि मधे ती, रोज पहाटे पाणी भरत. त्या चुकलेल्या ईदला तुला काय वाटलं असेल याचा मी विचार करते. म्हातारी दिवस विसरली, असं वाटलं असेल का? की तुझ्यासाठी पुन्हा केलंय असं?

म्हणून हे पत्र. मी गप्प राहिले असते तर वीस तारखेनंतर एका सकाळी तुला मोटर दिसली नसती. तू धावत तेल्हाऱ्याला आला असतास आणि चुकीच्या दिवशी तिला रडला असतास. तेवढं मला होऊ द्यायचं नाही.

आणखी एक. अब्बांच्या वेळी तुला यायला उशीर झाला, मिट्टी देऊन सगळे परतले होते, आणि अम्मी दारातच तुला म्हणाली की ज्याच्यासाठी यायचं होतं तो गेला, आता माझ्यासाठी येऊ नकोस. मी तिथे होते. तू पायरीवरूनच परत फिरलास. त्यानंतर ती दर गुरुवारी, जुमेरातला, मगरिबपासून ओसरीचा बल्ब लावून ठेवायची, रात्रभर. मी विचारलं तर म्हणाली, जुमेरातला गेलेल्यांच्या रूहा घरी येतात, अब्बांसाठी आहे. सगळ्यांनीच ते मानलं. कोण हटकणार? पण चाळिसाव्याला चतुराबाई माझ्याजवळ बसून रडत होती. म्हणाली, "बेटा, मीबी तिले एकडाव इचारलं, काहून वं भाभी, मेलेल्या मान्साले इतका उजेड काहून लागते? तं मले म्हने, चतुरा, मेलेल्याले काय अंधार अन् काय उजेड. हा जित्यासाठी हाय. आपली पायरी मोडकी हाय. पोरगं अंधारात आलं तं ठेचकाळीन."

हे तुला कळायला हवं होतं. ते तिने सांगायला हवं होतं. तुम्ही दोघं एकाच मातीचे.

पत्र मिळालं की उत्तर देऊ नकोस हवं तर. आलेख उघडणं थांबव. तू सकाळी आला नाहीस की मी समजेन, वाचलंस.

तुझी,
निखत आपा

•

अमरावती
२४ एप्रिल, शुक्रवार

वकार,

हे पत्र टपालात टाकणार नाही, सोबत घेऊन निघणार आहे. सलाम-दुआ भेटल्यावर. काय झालं ते आधी कागदावर मांडते, कारण तोंडाने सांगायला गेले तर गडबडून जाईन.

मागच्या आठवड्यात एका सकाळी तू आला नाहीस. दुसऱ्या सकाळीही नाही. मी समजले, आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. धम्मदीपला फोन केला. तो म्हणाला, वकार कामावर येत नाहीये, खोलीला कुलूप आहे, फोन बंद आहे.

वीस तारखेला जुनी यंत्रणा बंद झाली. नव्यात आपलं घर उघडून बघितलं. शून्य. सरळ, जमिनीवर आडवी टाकलेल्या दोरीसारखी रेघ. आणि मागे जाऊन बघितलं तर कुलूप घातल्यापासून सगळंच शून्य, कारण खरे आकडे तेच होते. ती ईद नाही, चटणी नाही, काही नाही. सागर साहेब म्हणाले, निखत, तुमच्या तेल्हाऱ्याची रेघ आता बरोबर येतेय ना? मी हो म्हणाले. बरोबरच होती.

सोमवारी शून्य. मंगळवारी, बुधवारी शून्य. मी ठरवलं होतं की बघणं सोडायचं, आणि तरी बघत होते.

काल जुमेरात. घरी निघायला बॅग उचलली होती. मगरिबची वेळ. आणि त्या रेघेने जमीन सोडली.

फार नाही. एका बल्बाएवढी.

मी पुन्हा पुन्हा तपासलं. नियम नाही. तो नव्या यंत्रणेत कुठेच नाही, मी ओळन् ओळ शोधली. अंदाज नाही, भरलेला आकडा नाही. मीटरने स्वतः पाठवलेला आकडा. मेन स्विच मी माझ्या हाताने खाली ओढलाय, वकार. कोणीतरी वर केल्याशिवाय तो वर जात नाही.

चतुराबाईला फोन लावला. म्हटलं, मावशी, जरा आमच्या दाराकडे बघता का. ती फोन कानाला लावूनच गेली. म्हणाली, "कुलूप तं जसंच्या तसं हाय माय. पन ओसरीचा लाइट जळून राहिला. म्या दोन-तीन हाका मारल्या, कोनी ओ देत नाही." मग म्हणाली, "बेटा, मले भेव नाही लागून राहिलं. नेहमीसारखंच वाटून राहिलं." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

रात्रभर तो बल्ब तेवढाच राहिला. मी बघत बसले नाही, सकाळी उठून आकडे बघितले.

मी स्वतःला समजावलं. समोर कुलूप असलं तरी परसातलं दार आहे. त्याची आतली कडी फटीतून काडी घालून वर उचलता येते, आणि ती युक्ती घरात एकट्या तुला यायची. उशिरा यायचास आणि अब्बांना कळू न देता शिरायचास. हाका मारल्या तर ओ द्यायची नाही, हेही तुझंच. रडवेला झालास की कोठीत बसायचास आणि आख्खं घर हाका मारत फिरायचं. म्हणजे तूच. पत्र वाचलंस, चार-पाच दिवस कुठे तरी भटकलास, आणि नेमका जुमेरातला घरी आलास. असंच असणार. दुसरं काय असणार?

पण आज फजरच्या आधी मोटर लागली.

लागली, लगेच बंद झाली. थोडा वेळ गेला. मग पुन्हा लागली आणि टाकी भरेपर्यंत चालली. मी ती रेघ ओळखते. ती मोटर दीड-दोन वर्षांपासून हवा धरते, एकदा लावून बंद करावी लागते आणि थोडं थांबून पुन्हा. अम्मीने मला शिकवलं होतं, "थोडा दम घेऊ दे तिले" म्हणायची. तू घर सोडलंस तेव्हा ती मोटर नवी होती. तुला हे कोणी सांगितलं?

कदाचित तू पहिल्यांदा लावलीस, पाणी आलं नाही, म्हणून बंद केलीस आणि पुन्हा लावून बघितलीस. कोणीही तेच करेल. माझं डोकं हेच सांगतंय आणि मी डोक्याचंच ऐकते, पोट त्यावरच भरते. पण जितका वेळ ती थांबायची तितकाच वेळ ती रेघ थांबली आहे, आणि हे मी माझ्या नोकरीतल्या कोणालाही सांगू शकत नाही.

रजा टाकली आहे. अलीझाला शेजारी ठेवलं, तिच्या अब्बूंना अकोल्याच्या स्टँडवर यायला सांगितलं नाही, एकटीच पुढे तेल्हाऱ्याला येते. पोचेन तेव्हा दुपार असेल, डोक्यावर ऊन असेल. तरी बल्ब विझवू नकोस. मला तो जळताना बघायचाय.

समोरून येईन. किल्ली माझ्याकडे आहे, पण आधी कडी वाजवीन आणि तुझं नाव घेईन. तू आत असलास तर या वेळी ओ दे, वकार. एवढं माझ्यासाठी कर. मग मी कुलूप काढेन, तुझ्या दोन मुस्काटात देईन आणि आपण दोघं कब्रस्तानात जाऊ. आज जुमा आहे.

आणि ओ आली नाही, तर मी कुलूप काढणार नाही. त्या मोडक्या पायरीवर बसेन आणि ही दोन्ही पत्रं, पहिल्याची नक्कल माझ्याकडे आहे, सुरुवातीपासून मोठ्याने वाचेन. म्हणजे तू रोज पहाटे तिच्या मोटरची वाट कशी बघत होतास ते अम्मीला कळेल. तिला मराठी वाचता येत नव्हती, ऐकून मात्र सगळी कळायची.

तुम्हा दोघांची,
निखत